नाशिकच्या लहान व्यवसायाची ऑनलाइन जाहिरात : महिना ३० हजारांत यंत्रणेला नेमकं काय शिकवायचं?

गोदातीर (धागाकर्ता)

मेटावर (फेसबुक, इन्स्टाग्राम) किंवा गूगलवर जाहिरात लावताना पूर्वी निम्मा वेळ "कोणाला दाखवायची" यात जायचा. वय, आवडीनिवडी, परिसर, लग्न ठरलेले, नवीन घर घेणारे. आता मेटाचं अ‍ॅडव्हांटेज प्लस आणि गूगलचं परफॉर्मन्स मॅक्स या आपोआप चालणाऱ्या यंत्रणा ही निवड स्वतःच करतात. आपण भरलेलं वय आणि आवडी यांना मेटा बहुतेक वेळा फक्त सूचना मानतं. ठिकाण मात्र अजून काटेकोर पाळलं जातं.

त्यामुळे आपल्या हातात तीन गोष्टी उरतात : कोणता परिणाम "यश" म्हणून मोजायचा, क्रिएटिव्ह (म्हणजे जाहिरातीतलं चित्र, व्हिडिओ, मजकूर) कसं असावं, आणि आलेल्या माणसाला किती लवकर व काय उत्तर द्यायचं. माझ्या मते पहिली सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. यंत्रणा तुम्ही सांगाल तेच आणून देते. "ट्रॅफिक" निवडलंत तर लिंकवर बोट ठेवणारे लोक आणेल, "एंगेजमेंट" निवडलंत तर लाइक करणारे. ते तुमचे ग्राहक असतीलच असं नाही. पोस्टखालचं बूस्ट बटण घाईत दाबलं की बहुतेकदा हेच होतं.

आता हिशोब. महिना ३०,००० रुपये बजेट धरू. त्यात १८% जीएसटी आला, म्हणजे प्रत्यक्ष जाहिरातीला २५,४२४. दिवसाला साधारण ८४७, आठवड्याला ५,९३०. मेटाच्या एका अ‍ॅड सेटला (एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) शिकायला आठवड्यात सुमारे ५० परिणाम लागतात. ५,९३० भागिले ५० म्हणजे ११८ रुपये. तुम्ही निवडलेला परिणाम ११८ रुपयांच्या आत मिळत असेल तरच एक अ‍ॅड सेट शिकून बाहेर पडेल. त्याच पैशांचे तीन अ‍ॅड सेट केलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला परिणामामागे ३९ रुपये येतात आणि तिन्ही "लर्निंग लिमिटेड"मध्ये, म्हणजे अर्धवट शिकलेल्या अवस्थेत, अडकतात. तसं अडकलं म्हणून जाहिरात बंद पडत नाही, पण रोजचा खर्च आणि निकाल वरखाली होत राहतो.

म्हणून लहान बजेटला एक कॅम्पेन, एक अ‍ॅड सेट, त्यात चार ते सहा खरोखर वेगळी क्रिएटिव्ह. खरेदी महाग पडत असेल तर एक पायरी अलीकडचा परिणाम घ्या : व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद किंवा कार्टमध्ये टाकलेली वस्तू. आणि रोज हात लावू नका. क्रिएटिव्ह बदललं, नवी जाहिरात त्याच अ‍ॅड सेटमध्ये टाकली, बजेट एकदम दुप्पट केलं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बदल साठवून आठवड्याने एकदम करा.

आपापल्या धंद्याप्रमाणे भर घाला.

अंबड_टूलरूम

सातपूर, अंबडच्या कारखानदारांसाठी लिहितो. जॉबवर्क, फिक्स्चर, शीट मेटल, पावडर कोटिंग यांचा ग्राहक रील बघताना सापडत नाही, तो गरज पडली की शोधतो. तिथे गूगल सर्चच. परफॉर्मन्स मॅक्सने सुरुवात करू नका. त्याला आधीचा कन्व्हर्जनचा (क्लिकनंतर झालेल्या चौकशी-खरेदीचा) डेटा लागतो, आणि तो नसला तर पैसे डिस्प्ले (इतर वेबसाइटवरच्या चित्र-जाहिराती) आणि यूट्यूबवर पसरतात.

सर्च कॅम्पेन बनवताना तीन गोष्टी आधीच चालू असतात, त्या बघून घ्या. सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्क या दोन्ही खुणा काढा. ठिकाणाच्या पर्यायांत "प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट" (तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले) असतं, ते "प्रेझेन्स" (तिथे असलेले) करा. कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात दिसते तो) ब्रॉड मॅच, म्हणजे सैल जुळणीचा असतो, तो सुरुवातीला फ्रेझ किंवा एक्झॅक्ट, म्हणजे घट्ट जुळणीचा ठेवा. गूगलने २०२५ मध्ये आणलेलं एआय मॅक्स चालू केलं तर तुमचे कीवर्ड पुन्हा सैल होतात आणि मजकूरही यंत्रणा स्वतः जुळवते. सर्च टर्म्सचा अहवाल (कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली ती यादी) दोन महिने स्वच्छ आला की मग त्याचा विचार करा.

निगेटिव्ह कीवर्डची (ज्या शोधांवर जाहिरात दिसायला नको त्या शब्दांची) यादी पहिल्याच दिवशी टाका : जॉब, व्हेकन्सी, सॅलरी, आयटीआय, कोर्स, पीडीएफ, सेकंड हँड, "म्हणजे काय". हे शब्द रोमन लिपीतही टाका आणि देवनागरीतही. "सीएनसी" शोधणाऱ्यांत नोकरी शोधणारी मुलं फार असतात, त्यांच्या क्लिकवर महिन्याचं बजेट संपू शकतं.

आणखी एक. अंबडच्या सप्लायरचा ग्राहक नाशिकमध्येच असेल असं नाही. तो चाकणला, वाळूजला, रांजणगावला आहे. नाशिकभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ काढून बसलात तर शेजारचे कारखानेच जाहिरात बघतील. जिथे माल जातो ते जिल्हे निवडा.

काठपदर

येवल्याच्या पैठणीची जाहिरात लावली की "प्राइस?" एवढाच मेसेज येतो आणि किंमत सांगितली की माणूस गायब. अशा वेळी इन्स्टंट फॉर्म (मेटातच उघडणारा नाव-नंबरचा फॉर्म) बरा की व्हॉट्सअ‍ॅप? आणि व्हॉट्सअ‍ॅपचे पैसे नक्की कशाकशाचे लागतात?

गोदातीर

ताई, पैठणीला व्हॉट्सअ‍ॅपच. फोटो, व्हिडिओ कॉल, रंग दाखवणं हे सगळं तिथेच होतं. "प्राइस?" कमी करायचा उपाय क्रिएटिव्हमध्ये आहे. किमतीचा पल्ला जाहिरातीतच लिहा : हातमागाची इतक्यापासून, सेमी इतक्यापासून. संवादांची संख्या घटेल, एका संवादाचा दर वाढेल, आणि ते चांगलंच आहे. किंमत लपवून जमवलेले ५० संवाद यंत्रणेला हेच शिकवतात की नुसती चौकशी करणारी माणसं आणखी आण.

हातमागाच्या पैठणीला एक क्रिएटिव्ह हुकमी आहे : पदर आणि काठ उलटा करून दाखवणं. हातविणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे लोंबते धागे नसतात. १५ सेकंदांच्या उभ्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदांतच पदर उलटा. मॉडेल, संगीत, दुकानाचा बोर्ड सगळं नंतर. मजकूर पडद्याच्या मध्यावर ठेवा. १०८० बाय १९२० च्या रीलमध्ये वरचा १४% आणि खालचा ३५% भाग मोकळा सोडावा लागतो, नाहीतर नाव, कॅप्शन आणि बटणांखाली किंमत झाकली जाते.

दुसरं क्रिएटिव्ह रंगांचं : दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. ट्यूबलाइटखाली काढलेला जांभळा घरी पोचल्यावर वेगळा दिसतो आणि परतीचा वाद तिथूनच सुरू होतो.

जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारा तयार मेसेज "मला अधिक माहिती हवी" असा ठेवू नका. दोन-तीन प्रश्न ठेवा : "लग्नासाठी हवी आहे", "१५ हजारांच्या आतल्या दाखवा", "दुकानात येऊन बघायची आहे". ग्राहकाने कोणता निवडला त्यावरून उत्तर ठरवता येतं. उत्तरात नुसता आकडा देऊन थांबू नका. आकडा, दोन फोटो आणि एक प्रश्न, एवढं एकाच वेळी जाऊ दे. "कार्यक्रम कधी आहे?" हा प्रश्न बहुतेक वेळा संभाषण पुढे नेतो.

आता पैसे. मोफत बिझनेस अ‍ॅप वापरत असाल तर फक्त जाहिरातीचेच पैसे, उत्तरं फुकट. त्या अ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. एपीआय (मोठ्या प्रमाणावर मेसेज पाठवायची सशुल्क जोडणी) घेतलं असेल तर १ जुलै २०२५ पासून दर संभाषणामागे नसून पाठवलेल्या टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या) मेसेजमागे आहे. मार्केटिंग टेम्प्लेट सगळ्यात महाग. ग्राहकाने स्वतः लिहिल्यावर २४ तासांची खिडकी उघडते, त्यात साधं उत्तर आणि युटिलिटी (ऑर्डर, डिलिव्हरीची माहिती देणारं) टेम्प्लेट दोन्ही फुकट. माणूस जाहिरातीवरून आला असेल आणि तुम्ही २४ तासांत उत्तर दिलंत, तर ७२ तास सगळ्याच प्रकारचे मेसेज फुकट. म्हणजे शनिवारी रात्री आलेल्या चौकशीला सोमवारी दुपारी उत्तर दिलं की ही सवलतही गेली आणि ग्राहकही गेला.

वीटसिमेंट

फ्लॅटच्या धंद्यात फॉर्मच चालतो, कारण सेल्सच्या माणसाला नंबर हवा असतो. पण मेटाचा फॉर्म "मोअर व्हॉल्यूम" प्रकारात ठेवला तर नाव-नंबर आपोआप भरलेलं येतं. माणूस दोनदा बोट लावतो आणि फोन केल्यावर म्हणतो, मी काहीच भरलं नाही. तो खोटं बोलत नसतो. कित्येकांच्या प्रोफाइलमध्ये जुनाच नंबर असतो, तोही फॉर्ममध्ये तसाच येतो.

"हायर इंटेंट" निवडा, त्यात पाठवण्याआधी एकदा तपासण्याचा पडदा येतो. आपले दोन प्रश्न घाला : बजेटचा पल्ला आणि परिसर (पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिक रोड). तिसरा प्रश्न घातला की भरणारे झपाट्याने गळतात. मोठ्या प्रकल्पाला ती गाळणी हवीच असते, दहा फ्लॅटच्या इमारतीला नको.

लीड (फॉर्ममधून आलेल्या चौकशा) ९० दिवसांनंतर मेटातून डाउनलोड होत नाहीत. शीटला किंवा सीआरएमला (ग्राहकनोंदीच्या सॉफ्टवेअरला) जोडा आणि जोडल्यावर मेटाच्या लीड टेस्टिंग टूलमधून एक खोटी लीड टाकून ती खरंच पोचते का ते बघा. पेजच्या अ‍ॅडमिनने पासवर्ड बदलला किंवा परवानगी निघाली की ही जोडणी गुपचूप तुटते.

आणि महारेराचा नोंदणी क्रमांक. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. फोनवर जाहिरात बघणारा स्वतःच्याच पडद्यावरचा कोड सहज स्कॅन करू शकत नाही, म्हणून क्रमांक मजकुरातही लिहा. "लवकरच येत आहे, प्री-लाँच दर" अशी नोंदणीपूर्व जाहिरात तर अजिबात नको.

अंबड_टूलरूम

वीटसिमेंट यांच्या मुद्द्याला पुरवणी. लीड आली म्हणजे यश, एवढंच यंत्रणेला सांगितलं तर ती फालतू लीडच वाढवते. गूगलमध्ये क्लिकसोबत येणारा जीसीएलआयडी (त्या क्लिकचा ओळख क्रमांक) फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यात साठवा. पुढे ज्या चौकशीला कोटेशन गेलं तेवढ्याच ओळी ऑफलाइन कन्व्हर्जन म्हणून चढवा. क्लिकनंतर ९० दिवसांच्या आत चढवायला हवं, नंतर गूगल घेत नाही. महिन्याला अशा पाच-दहाच ओळी असतील तर बोली (क्लिकसाठी यंत्रणा लावते तो दर) त्यावर चालणार नाही, तरी कोणता कीवर्ड खरा आणि कोणता नुसता गर्दी करणारा ते स्पष्ट दिसतं.

बेदाणा

भाषेबद्दल विचारायचं होतं. जाहिरात मराठीत, तर लक्ष्य करताना भाषा फक्त मराठी ठेवावी का?

गोदातीर

नको. असंख्य मराठी माणसांचे फोन इंग्रजीत असतात. मेटावर भाषेचा रकाना रिकामा सोडा, गूगलवर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा. कीवर्डही तसेच, कारण "नाशिक बेदाणा होलसेल" हे बहुतेक लोक रोमन लिपीतच टंकतात. जाहिरातीचा मजकूर मात्र बोलीतला ठेवा. इंग्रजी जाहिरात एआय साधनाकडून मराठीत करून घेतली की "आजच आपला अनुभव उन्नत करा" असली वाक्यं येतात आणि लोक थांबतच नाहीत.

वाटाड्या

मिसळ, लॉज, दवाखाना, गॅरेज असल्या धंद्यांना पहिला रुपया खर्च करण्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट करायला हवं, ते फुकट आहे. स्थानिक निकालात गूगल तीन गोष्टी बघतं : शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, जुळणी आहे. मुख्य कॅटेगरी अचूक निवडा. "रेस्टॉरंट" ही फार ढोबळ झाली.

सगळ्यात जास्त प्रोफाइल निलंबित होतात नावामुळे. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचं. "अमुक मिसळ – बेस्ट मिसळ इन नाशिक पंचवटी" असं केलं की आज ना उद्या कोणीतरी तक्रार करतं. पडताळणीला आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात : रस्ता, पाटी आणि आतला भाग किंवा शटरचं कुलूप उघडताना, व्हिडिओ मध्ये न कापता एका दमात. आधी पाटी लावा, मग अर्ज करा. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं नियमाविरुद्ध आहे. फक्त खूश ग्राहकांना लिंक पाठवणंही.

आता सिंहस्थ. २०२७ च्या पर्वण्यांसाठी लॉज, टॅक्सी, जेवणावळी यांनी वर अंबड_टूलरूम यांनी दिलेली ठिकाणाची सेटिंग उलटी करावी. भाविक इंदूर, सुरत, दिल्लीत बसून "नाशिक हॉटेल", "त्र्यंबकेश्वर रूम" शोधतो. "प्रेझेन्स" ठेवून नुसतं नाशिक निवडलं तर तो दिसणारच नाही. राज्ये किंवा पूर्ण देश निवडा आणि कीवर्डमध्ये नाशिक किंवा त्र्यंबक असलंच पाहिजे असा फ्रेझ मॅच ठेवा. मजकूर हिंदी आणि गुजरातीतही. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात, म्हणून "रामकुंडापासून चालत किती" आणि "गाडी कुठपर्यंत येते" हे पानावर लिहा. त्या काळासाठी वेगळं प्रोफाइल उघडू नका, जुन्याच प्रोफाइलवर विशेष वेळा भरा. नव्या प्रोफाइलला जुने रिव्ह्यू मिळत नाहीत.

बेदाणा

गूगलवर आता वरच एआयचं उत्तर येतं. मग वेबसाइटवर लेख लिहिण्यात अर्थ राहिलाय का?

वाटाड्या

भारतात एआय ओव्हरव्ह्यू ऑगस्ट २०२४ मध्ये आलं आणि एआय मोड जुलै २०२५ मध्ये सगळ्यांना खुला झाला. "बेदाण्याचे फायदे" असल्या लेखाला आता क्लिक मिळणं अवघड, ते उत्तर वरच मिळून जातं. पण खरेदीच्या जवळचे प्रश्न शिल्लक आहेत, आणि तिथे यंत्रणेला उचलायला ठोस मजकूर लागतो. हिरवा, पिवळा, काळा बेदाणा यांतला फरक, ५ आणि १५ किलोच्या पेटीचा दर, दर शेवटचा कधी बदलला, किती दिवसांत पोचतो, परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. हे सगळं पानावर अक्षरांत हवं. दरपत्रकाचा फोटो टाकून काम होत नाही, आणि इन्स्टाग्रामच्या हायलाइटमध्ये ठेवलेला दर तर गूगलच्या दृष्टीने जवळपास नाहीच.

हिशेबनीस

मोजमापावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण धाग्यातलं सगळं त्यावर उभं आहे.

मेटा साधारणपणे क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं बघितल्यानंतर १ दिवस यांत झालेली विक्री स्वतःच्या नावावर लावतं. गूगल आपल्या नियमाने तीच विक्री स्वतःच्या नावावर लावतं. दोघांची बेरीज दुकानाच्या वहीपेक्षा जास्त येणारच. निर्णय वहीवर घ्या : महिन्याची एकूण ऑनलाइन विक्री भागिले एकूण जाहिरात खर्च. प्लॅटफॉर्मचे आकडे दोन क्रिएटिव्हची आपसात तुलना करण्यापुरते.

एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने माग ठेवण्यासाठी वापरकर्त्याच्या परवानगीची अट आणल्यापासून नुसता पिक्सेल (वेबसाइटवरचा मेटाचा मोजणी कोड) पुरत नाही. सोबत कन्व्हर्जन्स एपीआय (तीच माहिती सर्व्हरवरून पाठवणारी जोडणी) लावा. पण पिक्सेल आणि सर्व्हर दोन्हीकडून जाणाऱ्या घटनेचं नाव आणि इव्हेंट आयडी एकच असला पाहिजे. नाहीतर एक ऑर्डर दोनदा मोजली जाते, जाहिरात दुप्पट फायद्याची दिसते आणि मालक बजेट वाढवतो. इव्हेंट्स मॅनेजरमध्ये डिडुप्लिकेशनचा (दुहेरी मोजणी टाळण्याचा) तपशील बघा आणि स्वतः एक चाचणी ऑर्डर टाकून आकडा एकनेच वाढतो का ते तपासा.

चिवडा, बेदाणा, मसाले विकणाऱ्यांचा खरा घोटाळा कॅश ऑन डिलिव्हरीत आहे. ऑर्डर पडली की मेटाला "पर्चेस" (खरेदी झाल्याचा संकेत) जातं, पण पार्सल न घेता परत आलं तरी ते मागे घेतलं जात नाही. यंत्रणा मग ऑर्डर देऊन न घेणाऱ्यांसारखीच माणसं शोधत राहते. उपाय : "पर्चेस" फक्त आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डरला पाठवा. कॅशच्या ऑर्डरला व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आला की मगच, सर्व्हरवरून. ५० परिणामांचं गणित बिघडत असेल तर बजेट कमी मालावर एकवटा, पण खोटा संकेत पाठवू नका.

खर्चाचं थोडं. मेटा आणि गूगल दोन्ही खात्यांत जीएसटी क्रमांक भरा, तरच १८% चं क्रेडिट घेता येईल. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही, मग तो सरळ खर्च धरा. कार्डावर आपोआप कापली जाणारी रक्कम एका वेळी १५,००० च्या वर गेली तर दरवेळी ओटीपी लागतो. तो चुकला की जाहिरात थांबते, म्हणून बिलिंगची मर्यादा त्याखाली ठेवा.

काठपदर

प्रदर्शनात लोकांनी वहीत लिहून दिलेले नंबर जाहिरातीसाठी अपलोड केले तर चालतात का? आणि इन्स्टाग्रामवरच्या मुलींना साडी भेट देऊन रील करून घेतलं तर काही नियम आहे का?

हिशेबनीस

ताई, वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. त्यासाठी वहीच्या पानावरच आतापासून ओळ छापा : नंबर कशासाठी घेतोय, कुठे वापरणार, नको असेल तर कोणाला कळवायचं. मराठीत छापा, शेजारी सहीची जागा ठेवा. जुन्या वह्यांतल्या नंबरांना आधी एक मेसेज पाठवून होकार घ्या, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना वगळा.

रीलचा नियम आहे. पैसे दिले नाहीत, नुसती साडी भेट दिली, तरी तो व्यावसायिक संबंधच. २०२१ च्या एएससीआयच्या (जाहिरात मानक परिषदेच्या) आणि २०२३ च्या ग्राहक व्यवहार विभागाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते ठळक सांगावं लागतं. व्हिडिओवर "जाहिरात" किंवा "सशुल्क भागीदारी" लिहा, हॅशटॅगांच्या ढिगात लपवू नका. तेच रील पुढे पैसे लावून चालवायचं असेल तर निर्मातीकडून पार्टनरशिप अ‍ॅडचा कोड आणि किती दिवस वापरणार याची लेखी परवानगी आधीच घ्या. रील गाजल्यावर मागितलं की दर बदलतो.

वीटसिमेंट

एक शंका. जाहिरात पहिले दोन आठवडे मस्त चालते, मग लीड महाग होतात. बजेट वाढवायचं की परिसर?

गोदातीर

आधी फ्रिक्वेन्सी (एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली) बघा. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती. आज जास्त असली तरी त्यातून फ्लॅट घेण्याच्या वयाचे, ऐपतीचे आणि सध्या शोधात असलेले लोक फार थोडे उरतात. आठवड्याची फ्रिक्वेन्सी तीनच्या वर गेली आणि सोबत क्लिकचं प्रमाण घसरलं तर तीच माणसं तेच चित्र बघतायत. तेव्हा बजेट वाढवलं तर नुसता दर चढतो.

फ्रिक्वेन्सी दीड-दोनच्या आसपास असून लीड महागल्या असतील तर क्रिएटिव्हला दोष देऊ नका. दिवाळीआधीचा काळ आहे का ते बघा, तेव्हा सगळेच बोली वाढवतात.

क्रिएटिव्ह बदलताना रंग आणि फॉन्ट बदलून भागत नाही. मेटाची यंत्रणा जवळपास सारख्या दिसणाऱ्या जाहिरातींना वेगळं मानत नाही. एक बाल्कनीतून दिसणारं दृश्य, एक हप्त्याचा हिशोब, एक शाळा-दवाखान्याचं अंतर दाखवणारा नकाशा, एक साइट इंजिनिअर प्लंबिंग समजावतोय असा व्हिडिओ. चारही एकदम टाका, नव्या अ‍ॅड सेटमध्ये. जुना लगेच बंद करू नका. नवा स्थिर होईपर्यंत जुन्याला रोजचे दोन-तीनशे रुपये राहू द्या.

परिसर वाढवायचाच असेल तर वर्तुळ मोठं करण्याआधी मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्या मूळ नाशिककरांचा विचार करा. त्यांच्यासाठी वेगळं कॅम्पेन आणि शनिवार-रविवारी साइट दाखवण्याची वेळ फॉर्ममध्येच विचारा.

वीटसिमेंट

समजलं. फ्रिक्वेन्सी ३.४ आहे. चार नवीन व्हिडिओंचं शूटिंग या आठवड्यात लावतो, प्लंबिंगचा पहिला.